वाडी कुठली?

रत्नागिरी जिल्ह्यात आडनावावरून माणसाची जात कळत नाही. जाधव, कदम, पवार, मोहिते ही आडनावे वरच्या वाडीतही आहेत आणि आपल्या वाडीतही आहेत. देशावरून आलेल्या पाहुण्याला याचे मोठे नवल वाटते. पण कोकणी माणसाचे त्यावाचून अडत नाही. तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो, "वाडी कुठली?" आणि उत्तर मिळाले की त्याच्या बोलण्याचा सूर ठरतो. हा प्रश्न एस.टी.च्या बाकावर विचारला जातो, लग्नाच्या मांडवात विचारला जातो आणि पोलीस ठाण्याच्या टेबलापाशीही विचारला जातो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायचे ठरवले. चांगलेच केले. पाट्या काही ठिकाणी बदलल्या, काही ठिकाणी राहिल्या. विचारणाऱ्याचा प्रश्न मात्र होता तसाच आहे.

चोरी झाली, भांडण झाले, कुणाची कुंपणाची तार तुटली की आधी कोणत्या वाडीत गाडी वळवायची हे ज्याच्या मनात आधीच ठरलेले असते, तो तपास करीत नसतो. तो फक्त जुनी वही उघडत असतो. अमेरिकेत काळ्या लोकांचा हाच अनुभव आहे. न्यूयॉर्क शहराचे पोलीस रस्त्यात अडवून अंगझडती घेत. त्यांत बहुसंख्य काळे आणि लॅटिन वंशाचे असत. २०१३ साली तिथल्या न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. तिथे कातडीचा रंग पाहतात, आपल्याकडे वाडी विचारतात.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात, दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी यायची होती, तेव्हा पत्नीच्या माहेरून फोन आला. माहेर मंडणगड तालुक्यातले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. मेव्हणा म्हणाला, "भावजी, पोराला पुन्हा ठाण्यात बोलावलंय. या हप्त्यात तिसरा खाडा." त्यांच्या गावालगतच्या एका आंब्याच्या बागेतून पाण्याचा पंप आणि तांब्याची वायर गेली होती. आमचा भाचा लोट्याच्या कंपनीत दुसऱ्या पाळीत काम करतो आणि रात्री उशिरा मोटरसायकलने घरी येतो. एवढाच त्याचा गुन्हा. मी रजेचा अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे रत्नागिरीच्या स्थानकावर गाडीत बसलो. पत्नीला अर्धे तिकीट, मला पूर्ण. २०२३ पासून ही सवलत सुरू झाल्यापासून ती हिशेबात मला दर वेळी मागे टाकते.

हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे करीत गाडी चिपळूणला आली. याच चिपळुणात १४ एप्रिल १९२९ रोजी, आपल्या वाढदिवशी, परमपूज्य बाबासाहेबांनी रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषदेचे अध्यक्षपद भूषवले होते. खोतीखाली पिचलेल्या कुळांची ती परिषद. पुढे परशुराम घाट, मग लोटे. कारखान्यांचा वास खिडकीतून आत आला तसे पत्नी म्हणाली, "इथनं रात्री बाराला निघतो पोरगा." भरणे नाक्यावरून गाडी दापोलीच्या वाटेला लागली आणि चढ सुरू झाला.

दापोलीला पुढच्या गाडीला दोन तास होते. दापोली आज कृषी विद्यापीठासाठी आणि थंड हवेसाठी ओळखली जाते. पर्यटक येतात ते मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्याकडे निघून जातात. जुनी माणसे अजून या गावाला कॅम्प दापोली म्हणतात. इंग्रजांनी १८१८ नंतर इथे लष्कराचे ठाणे केले होते. पुढे लष्कर गेले, पण निवृत्त शिपाई आणि त्यांची कुटुंबे राहिली. त्यांत आपले महार पेन्शनर पुष्कळ होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन काही काळ इथेच राहिले आणि लहानग्या भीमरावांच्या शिक्षणाचा आरंभ इथेच झाला. जवळच्या वणंदचे माता रमाईंचे माहेर आहे. आपल्या सहली वणंदला जातात, आंबडव्याला जातात. दापोलीत मात्र गाडी बदलण्यापुरत्या थांबतात. इथे पाहण्यासारखे काही उभे नाही, हे खरे. पण इथे एक अर्ज लिहिला गेला होता आणि त्या अर्जाची गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक असायला हवी.

इंग्रज सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानच्या लष्कराचा प्रमुख होता. हिंदुस्थानातल्या काही जमाती जन्मानेच लढवय्या असतात आणि बाकीच्या नसतात, असे त्याचे ठाम मत होते. त्याच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या या मतापायी पलटणींची वर्गवारी झाली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या नावांच्या शेवटचा 'नाक' कोरेगावच्या स्तंभावर दगडात कोरला आहे, ज्यांनी तीन-तीन पिढ्या पलटणीत काढल्या, ते एका फटक्यात नालायक ठरले. कुणा एका शिपायाने पाठ दाखवली म्हणून नव्हे. कुणाची चौकशी झाली नाही, साक्ष झाली नाही. जातीच्या नावापुढे फुली पडली आणि काम झाले. त्यात आणखी एक गंमत पाहा. गावगाड्यात सरकारी वसुलाची रक्कम तालुक्याला पोहोचवायचे जोखमीचे काम महाराकडेच असे. म्हणजे तिजोरीसाठी भरवशाचा आणि बंदुकीसाठी बिनभरवशाचा!

या फुलीला उत्तर देणारा माणूस दापोलीत राहत होता. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीत आले. महात्मा फुल्यांच्या विचारांचे. त्यांनी 'विटाळ विध्वंसक' ही पुस्तिका लिहिली आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. १८९४ साली त्यांनी लष्करी वरिष्ठांना उद्देशून विनंतीपत्र तयार केले. आम्ही मूळचे क्षत्रिय, आमच्या लोकांनी अशी अशी चाकरी केली, मग आम्हाला बाहेर का ठेवता, असा त्याचा रोख होता.

आज ते वाचताना एक गोष्ट खटकते. तुम्ही आम्हाला लढवय्ये म्हणत नाही, तर आम्हीही लढवय्येच आहोत, असे म्हणणे म्हणजे माणसांची प्रतवारी मान्य करून आपली पायरी वर सरकवून मागणे झाले. पुढे बाबासाहेबांनी ती शिडीच नाकारली. पण १८९४ साली, पेन्शनीवर घर चालवणाऱ्या माणसाने सरकारच्या धोरणाविरुद्ध दौत-लेखणी घेऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हे. मी कारकून आहे. तोंडी रागावलेला माणूस आणि लेखी विचारणारा माणूस यांतला फरक मी रोज टेबलावर पाहतो.

त्या अर्जाने भरती सुरू झाली नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या भारतमंत्र्यांना आणखी एक अर्ज केला. त्यात लष्कराबरोबर पोलीस खात्यातल्या जागाही मागितल्या होत्या. ज्या खात्याला आपली वस्ती भीत होती, त्याच खात्यात आपली माणसे हवीत हे त्यांना तेव्हाच उमगले होते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर ती मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी झाली. १८९२ पासून मोजले तर एकोणपन्नास वर्षे! आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत.

दापोलीच्या स्थानकावर चहा घेऊन आम्ही मंडणगडची गाडी पकडली आणि दिवेलागणीच्या आत वाडीत पोहोचलो.

रात्री विहारात पंचवीस-तीस माणसे जमली. बाया पुढे, पुरुष मागे भिंतीला टेकून. भाचा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. तीन वेळा त्याला ठाण्यात बोलावले, सकाळपासून सांजवेळेपर्यंत बाकावर बसवले, रात्री का फिरतोस म्हणून विचारले आणि सोडून दिले. कागद एकही नाही. बोलावणे तोंडी, बसणे तोंडी, सुटणे तोंडी. कंपनीत खाडा मात्र लेखी लागला.

मी पहिल्यांदा विचारले, "तुला साक्षीदार म्हणून बोलावतात की आरोपी म्हणून?" त्याला ठाऊक नव्हते. कुणालाच नव्हते. सगळे इथेच अडते. साक्षीदार म्हणून बोलावायचे तर लेखी आदेश लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १६० होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम १७९ आहे. स्त्री, पंधरा वर्षांच्या आतला मुलगा, साठीच्या वरचा माणूस, अपंग किंवा फार आजारी माणूस यांना त्यासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारायचे. हे ऐकून एक म्हातारी म्हणाली, "मग माज्या लेकासाटी मला का नेली होती त्यांनी?" तिची गोष्ट बारा वर्षांपूर्वीची होती.

आणि संशयित म्हणून बोलावायचे तर कलम ३५ प्रमाणे नोटीस द्यायची. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ सालीच बजावले आहे. चोरीचा गुन्हा त्यातच बसतो. नोटीस आली तर मात्र जायचे, ठरल्या वेळी जायचे. गेला नाहीत तर अटकेला कारण आपणच दिले असे होते.

एका तरुणाने विचारले, "नाक्यावर अडवलं आणि वाडी विचारली तर सांगायचंच नाही का?" मी म्हटले, नाव सांग, गावाचा पत्ता सांग, गाडीची कागदपत्रे दाखव. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. नाव-पत्ता लपवणाऱ्याला अडकवून ठेवायला कायद्यात वाट आहे. हात उगारलास किंवा धक्का दिलास तर सरकारी कामात अडथळ्याचे कलम लागते. पूर्वी ते ३५३ होते, आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे. मग मूळ अन्याय बाजूला राहतो आणि तू जामिनाच्या मागे लागतोस. जात विचारली तर शांतपणे म्हणावे, "साहेब, तपासासाठी ती का लागते ते सांगा." पोलिसाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचावी, वेळ लक्षात ठेवावी, घरी येऊन वहीत लिहावी. रात्रपाळीच्या पोरांनी कंपनीचे ओळखपत्र खिशात ठेवावे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ खाली सूर्यास्तानंतर संशयास्पद रीतीने आढळलेल्याला धरता येते. अशा वेळी कामावरून येतो हे दाखवायला एक पत्र्याएवढे कार्ड पुरते.

अटकच झाली तर काय, हे बायांनी जास्त खोदून विचारले. पुरुषांपेक्षा त्यांचे प्रश्न नेमके होते. नेले तर कुठे नेले हे कोण सांगणार? घरच्या माणसाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करायचा असतो. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्येच हे सांगितले आणि आता ते कायद्यात उतरले आहे. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. तिथे मारहाण झाली असेल तर तोंड उघडून सांगायचे, कारण मॅजिस्ट्रेट विचारतात आणि पोरे "काही तक्रार नाही" म्हणून मोकळी होतात. अटकेची कारणे अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. ते आमच्या सभेनंतर झाले. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये कारणे कळण्याचा आणि वकिलाचा हक्क पहिल्यापासून आहे. वकिलाला पैसे नाहीत, हे अनुसूचित जातीच्या माणसाने आणि कोणत्याही स्त्रीने म्हणायचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने त्यांना मिळकत न पाहता वकील फुकट मिळतो. कोठडीत असलेल्या प्रत्येकालाही मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन लागतो.

आपण बौद्ध झालो, मग अट्रॉसिटी कायदा आपल्याला लागतो का, हा प्रश्न अजून विचारला जातो. लागतो. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. कुणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, किंवा जात पाहून खोट्या गुन्ह्यात गोवले, तर १९८९ चा तो कायदा आहे. त्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. तिथे मात्र फिर्यादीत जात लिहावीच लागते, म्हणून दाखला घरात सापडेल अशा ठिकाणी असावा. एरवी जातीच्या रकान्याचे दिवस भरत आले आहेत. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींच्या लोकांना जन्मावरून गुन्हेगार धरून मनमानी अटक करू नये, असेही बजावले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला होता. डोक्यातला कायदा काढायला न्यायालयाला २०२४ साली निकाल द्यावा लागला.

इथवर सभा शांत होती. मग मी विचारले, "आपल्या पोराबरोबर दुसरा कोण होता बाकावर?"

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मेव्हणा म्हणाला, "कातकऱ्याचा पोर. त्याला दोन दिवस बसवला होता."

मी म्हटले, दोन अर्ज लिहू. एक आपला, एक त्याचा. तशी भिंतीला टेकलेल्यांतले एकजण म्हणाले, "त्याचं आपुन कशाला करायचं? त्यानंच नेली असेल वायर. ते लोक तसेच." वाचकहो, बौद्ध विहारात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून हे वाक्य उच्चारले गेले. बोलणारे गृहस्थ वाईट नाहीत. वाडीच्या कामाला पहिले धावणारे आहेत. पण बागेवरचा नेपाळी गुरखा असो, कर्नाटकातून आलेला खडी फोडणारा असो की डोंगरकडेचा कातकरी असो, काही हरवले की आपल्या वाडीतही हीच वही उघडली जाते. घटनेने अटकेविरुद्धचे संरक्षण 'कोणत्याही व्यक्तीला' दिले आहे. अनुच्छेद २२ मध्ये नागरिक असा शब्दही नाही.

वाद अर्धा तास चालला. मिटवला त्या म्हातारीने. ती म्हणाली, "माज्या लेकाला नेला तवा वरची वाडी हेच बोलली होती." एवढे बोलून ती चप्पल घालून घरी गेली.

सकाळी मंडणगडला निघालो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात. या खेपेला तिकडे जाणे झाले नाही. तालुक्याच्या गावी मात्र न्यायालयाची नवी इमारत पाहिली. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले होते. आम्ही गेलो तेव्हा सोहळ्याला फार दिवस झाले नव्हते. आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. पत्नीने हात जोडले. भाचा इमारतीच्या पायऱ्या मोजल्यासारखा पाहत राहिला. त्याने आजवर न्यायालय फक्त सिनेमात पाहिले होते.

अर्ज मी रात्रीच लिहून ठेवले होते. मजकूर साधा होता. अमुक तारखांना अमुक वेळी तोंडी बोलावण्यावरून हजर राहिलो. कामाच्या पाळीचा तपशील सोबत जोडला आहे. यापुढे चौकशीची गरज असल्यास कायद्याप्रमाणे लेखी नोटीस द्यावी, मी हजर राहीन. कुठे रागाचा शब्द नाही, उपकाराचाही नाही. कातकऱ्याच्या मुलाला सही येत होती, त्याच्या बापाने साक्षीदार म्हणून अंगठा दिला. प्रत्येकी दोन प्रती, आणि एकेक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने.

ठाण्यातल्या हवालदाराने पहिला अर्ज घेतला, वाचला, शिक्का मारला. दुसरा वाचून म्हणाला, "हा तुमचा कोण?" भाचा म्हणाला, "आम्ही एका बाकावर होतो, साहेब." हवालदार जरा हसला आणि त्यावरही शिक्का मारला. दोन्ही पोचींचे आवक क्रमांक लागोपाठचे आहेत.

त्यानंतर भाच्याला एकदाच बोलावले, लेखी. तो वेळेवर गेला, तासाभरात परत आला. चोर अजून सापडलेला नाही. दुसऱ्या मुलाची नोटीस दिवाळीनंतर आली तेव्हा झोपडीला कुडाचे दार लावलेले होते. सारे बिऱ्हाड वीटभट्टीवर गेले होते. उद्या फरारी म्हणून नोंद व्हायला एवढे पुरेसे होते. भट्टीचा पत्ता आणि मालकाचा फोन नंबर मिळवून मेव्हण्याने ठाण्याला तिसरा अर्ज दिला. तो लिहायला मला बोलवावे लागले नाही, सभेत भिंतीला टेकलेल्या त्याच गृहस्थांच्या मुलीने लिहिला. ती बारावीला आहे. पोच तिच्या दप्तरात आहे.